घरी गेल्यावर काय झालं, ते मोज

अगं, इन्चार्ज झालीस, क्वालिटीची फाइल टेबलावर आली, आणि आता मॅट्रन मॅडमनी सांगितलंय की स्टोमाच्या पेशंटसाठी इंडिकेटर ठरवून आण. तुझ्या आवाजावरूनच कळलं मला, तू किती धास्तावली आहेस ते. बस जरा. बेडसोअर, पेशंट पडणं, सलाइनच्या जागेची सूज, चुकलेलं औषध, हे सगळं मोजायची सवय आपल्याला झाली आहे. ॲक्रिडिटेशनच्या धाकाने का होईना, झाली. पण पोटावर पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या माणसाची शुश्रूषा आपण चांगली केली की नुसती उरकली, हे लिहायला त्या फाइलमध्ये रकाना नाही. म्हणून तू इंटरनेटवरून कुठलातरी चाळीस प्रश्नांचा तक्ता उतरवून काढणार, त्यावर नाइटच्या मुली डोळे मिटून टिक मारणार, आणि महिन्याच्या शेवटी अठ्ठ्याण्णव टक्के येणार. असं करू नकोस एवढंच सांगायला तुला बसवलंय.

आधी एक गोष्ट ऐक. आपल्याच व्यवसायातली आहे. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिझे सोरेनसन नावाची एक नर्स होती. घरोघरी जाऊन शुश्रूषा करायची. तिची बहीण थोरा, ऐन तिशीतली, तिचं ऑपरेशन होऊन पोटावर स्टोमा आला. तेव्हाची साधनं म्हणजे पट्ट्याने बांधायच्या वस्तू, कापडं, काही ठिकाणी धातूचे डबे. गळायचं, वास यायचा. थोरा घराबाहेर पडेनाशी झाली. एलिझेला वाटलं, त्वचेला चिकटणारी आणि वापरून टाकून देता येणारी प्लास्टिकची पिशवी का असू नये? कल्पना घेऊन ती कारखानदारांकडे गेली. शेवटी ओगे लुई-हॅन्सन यांनी ती मनावर घेतली, आणि त्यातही त्यांच्या बायकोचा, योहानाचा वाटा मोठा. तीही नर्स होती, तिला त्या पिशवीचं मोल लगेच कळलं. १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट कंपनी उभी राहिली. आज आपल्या ट्रॉलीत जी बॅग असते तिचं मूळ तिथे आहे.

मला यात कंपनीचं कौतुक सांगायचं नाही. एलिझेचं माप काय होतं ते बघ. बहीण बाहेर पडते का? इंडिकेटरचा तक्ता नव्हता तिच्याकडे, तरी आपण काय साधायचं आहे हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. तुझी सगळी फाइल त्या एका प्रश्नापाशी पोचायला हवी. नाही पोचली, तर रकाने कितीही सुबक आखलेस तरी त्यांचा उपयोग नाही.

अवेडिस डोनाबेडियन यांचं नाव बी.एस्सी.ला वाचलं असशील. १९६६ मध्ये त्यांनी आरोग्यसेवेचा दर्जा तीन बाजूंनी पाहायचा म्हणून सांगितलं: तुमच्याकडे आहे काय, तुम्ही करता काय, आणि त्यातून पेशंटचं झालं काय. परीक्षेत आपण रचना, प्रक्रिया, फलित असं लिहिलं आणि विसरलो. आता जरा आठव. स्टोमाच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी वॉर्डात दिसतात. तिसरी दिसायला लागते तेव्हा पेशंट एस.टी.त बसून गावी पोचलेला असतो. सातव्या-आठव्या दिवशी आपण डिस्चार्ज देतो तेव्हा बॅग आपण लावलेली असते, त्वचा ठीक असते, सगळं छान. पहिली बॅग घरी सुटते, रात्री, लाइट गेलेली असताना, आणि समोर तू नसतेस. तिथे जे घडतं तो तुझ्या आठ दिवसांच्या कामाचा निकाल, आणि तोच आपल्या कुठल्याही रजिस्टरात नाही.

तेव्हा मोजायला घे, पण थोडं. माझं ऐकशील तर चार-पाचच गोष्टी.

पहिली, खूण. ऑपरेशनच्या आधी पोटावर स्टोमाची जागा आखणं. ही गोष्ट झाली तर पुढे गळती, त्वचेचे त्रास कमी होतात, हे जगभरच्या कोलोरेक्टल सर्जनांच्या आणि स्टोमा नर्सेसच्या संघटनांनी मान्य केलंय. आपल्याकडे कागदावर 'मार्किंग झाले: होय' असं लिहिलं जातं आणि ती खूण पेशंट खाटेवर उताणा असताना कुणीतरी मार्करने ठोकून दिलेली असते. झोपल्यावर प्रत्येकाचं पोट सपाट असतं गं! उठून बसला की घडी पडते, आणि नेमकी त्या घडीत फ्लँज, म्हणजे बॅगची चिकटणारी चकती. म्हणून तुझ्या तक्त्यात 'होय-नाही' नको. झोपून, बसून, उभं राहून, वाकून बघितलं का, हे पुस्तकातलं. त्यात आपलं घाल: मांडी घालून बसवलं का? उकिडवं बसवलं का? परकराची नाडी कुठे येते, नऊवारीचा ओचा कुठे येतो, धोतराची गाठ कुठे, हे विचारलं का? नमाज पढणारा असेल तर सजद्यात पोट कसं दुमडतं ते पाहिलं का? भात लावणारी बाई असेल तर ती दिवसभर कमरेत वाकूनच असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंटला स्वतःला ती जागा खाली मान घालून दिसते का. सुटलेलं पोट असेल तर पोटाच्या खालच्या उतारावरची खूण त्याला जन्मात दिसायची नाही, मग बॅग लावणार कशी?

आणि एवढं झाल्यावर आणखी एक रकाना ठेव: ऑपरेशननंतर स्टोमा खरंच त्या खुणेवर आला का? सर्जनला नेहमी जमतंच असं नाही, आतडं पोचायला हवं, अडचणी असतात. पण सहा महिने लिहून ठेवलंस तर त्यांच्याशी बोलायला तुझ्या हातात काहीतरी असेल. इमर्जन्सीचे पेशंट मात्र वेगळे लिही. रात्री दोनला आतडं फुटून आलेल्या माणसाला कोण मांडी घालून बसवणार? ठरलेल्या ऑपरेशनांत त्यांना मिसळलंस तर जो आकडा येईल तो कुणाच्याच कामाचा नसेल.

दुसरी, त्वचा. इथे जरा थांबून बोलते, कारण इथेच जास्त चुकतं. गळती झाली की त्वचा जाते, त्वचा ओली झाली की पुढची बॅग चिकटत नाही, की परत गळती. इलिओस्टोमीत तर विचारूच नको. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात पाचक रस असतात, ते कातडी पचवायला बसलेलेच. कारणं बहुतेक वेळा साधी असतात. फ्लँजचं भोक स्टोमाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं, आणि घाईत ते रुपयाएवढं मोठं कापलेलं असतं. कुणी स्पिरिट लावतं, कुणी डेटॉल, कुणी खोबरेल तेल, कुणी पावडर थापतं. साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, इतकंच असतं ते. पण साधी गोष्ट केली की काही केलंच नाही असं आपल्या लोकांना वाटतं.

त्वचा मोजायची एक रीत आहे, डी.ई.टी. म्हणतात. फ्लँजखालच्या त्वचेत तीन गोष्टी बघायच्या: रंग बदललाय का, कातडी झिजून ओली झाली आहे का, आणि नको ते मांस वाढलंय का. प्रत्येकीला किती भागावर आहे याचे शून्य ते तीन, किती तीव्र आहे याचे शून्य ते दोन. म्हणजे एकीचे जास्तीत जास्त पाच, तिन्ही मिळून पंधरा. शून्य म्हणजे त्वचा नितळ. शिकायला एक दुपार पुरते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक म्हणजे, पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. तिथे लाली लगेच दिसते. आपल्या सावळ्या, काळ्या पोटावर सुरुवातीची जळजळ लाल दिसत नाही, ती जांभळट किंवा अधिक काळपट दिसते, आणि जुनी जखम भरली की कधी कधी उलट पांढुरका डाग राहतो. लाली शोधत बसलीस तर शून्य लिहून मोकळी होशील, आणि पेशंट म्हणत राहील, 'सिस्टर, चुरचुरतंय.' म्हणून हात लाव, उष्ण लागतं का बघ, बाजूच्या त्वचेशी ताडून बघ, त्याला विचार. दुसरं म्हणजे, एकाच पेशंटची त्वचा महिन्यातून दोन-चार वेळा दोघींनी वेगवेगळी बघून, एकमेकींना न दाखवता गुण लिहायचे. तुमचे गुण जुळत नसतील तर आधी नजर जुळवा, मग तक्ता भरा. फोटो काढणार असाल तर पेशंटची सही घ्या, आणि कृपा करून तो फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणाच्या तरी आईचं पोट आहे ते.

त्वचेच्या जोडीला गळती. पण गळती म्हणजे काय, ते आधी ठरव. तुझ्या एका स्टाफच्या मते चादर भिजली तरच गळती, दुसरीच्या मते फ्लँजखाली थोडं शिरलं तरी गळती. मी म्हणेन, ठरलेल्या दिवसाआधी बदलावी लागलेली प्रत्येक बॅग मोज. कारण काहीही असो. अवेळी बदललेल्या बॅगा, एवढं एकच. ते स्टॉकच्या वहीवरूनही ताडता येतं, कारण प्रत्येक बॅग कपाटातूनच निघते.

आता इथला सापळा सांगते. गळती कुणाच्या ड्यूटीत झाली ते तू तक्त्यात लिहायला लागलीस, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये त्या मुलीला उभं केलंस, तर पुढच्या महिन्यात गळती कमी होईल. कशी होईल माहितेय? कडेने मायक्रोपोरच्या चार पट्ट्या मारतील, वर कॉटन ठेवतील, सकाळच्या ओव्हरपर्यंत ढकलतील. आकडा सुधारेल आणि कातडी सोलून निघेल. म्हणून त्या रकान्यात स्टाफचं नाव नको. बॅगचा प्रकार, भोकाचं माप, स्टोमा सपाट आहे की वर आलेला, पोटाची घडी, हे लिही. सुधारायचं ते त्यातून सापडेल.

तिसरी गोष्ट, हात कुणाचा? डिस्चार्ज कार्डवर आपण लिहितो, 'स्टोमा केअर शिकवले.' कुणाला शिकवलं? आपल्याकडे पुरुष पेशंट असेल तर बायको शिकते. तो छताकडे बघत पडलेला असतो. बाई पेशंट असेल तर ती स्वतः शिकते, नाहीतर लेक किंवा सून. मग बायको माहेरी गेली, आजारी पडली, की गडी अडकला. म्हणून 'शिकवले' हा शब्दच काढून टाक. त्या जागी लिही: पेशंटने स्वतः बॅग रिकामी केली का, स्वतः माप घेऊन भोक कापलं का, स्वतः पूर्ण बदलली का, आणि हे करताना आपण फक्त बघत उभ्या होतो का. तीन प्रश्न, तीन तारखा. हात थरथरतो, दिसत नाही, असं असेल तर घरातलं कोण करणार त्याचं नातं लिही, नुसतं 'रिलेटिव्ह' नको. आणि ते नातेवाईक नसतील तेव्हा कोण, तेही विचार.

शिकवताना बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हे सगळ्याच सांगतात. पण स्टोमाला हात लावला तर दुखत नाही, त्याला तशा नसा नसतात, पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरायचं नाही, हे कितीजणी सांगतात? निम्मे पेशंट भीतीपोटीच हात लावत नाहीत. आणि रंग: ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालसर ओला असायला हवा, काळपट-जांभळा झाला तर लगेच यायचं. हे त्याला पाठ आहे का, हे डिस्चार्जच्या दिवशी त्याच्याच तोंडून ऐकायचं. 'समजलं ना?' असं विचारलंस की 'हो सिस्टर' येणारच. 'घरी गेल्यावर काय बघाल, सांगा बरं मला,' असं विचार.

चौथी आहे ती जिवावरची. इलिओस्टोमीच्या पेशंटच्या अंगातलं पाणी आटणं. नवा इलिओस्टोमीवाला परत दाखल होतो त्याचं हे फार मोठं कारण. सुरुवातीच्या दिवसांत स्टोमातून दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं की सावध व्हायचं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, कारण पाण्याबरोबर मीठही जातंय, आणि भाराभर साधं पाणी ढोसलं की उलट आणखी बाहेर पडतं. ओ.आर.एस. लागतं. हे आपल्याला माहीत आहे, पेशंटला नाही. तो शहाण्यासारखा तांब्यावर तांब्या पाणी पितो, आणि मराठवाड्यात मे महिन्यात त्याला चक्कर येते.

यावर मोजमापाने काय होऊ शकतं ते ऐक. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाचं काम २०१२ मध्ये छापून आलंय. त्यांनी फार मोठं काही केलं नाही. ऑपरेशनच्या आधीपासून ठरलेलं शिक्षण, वॉर्डात असताना पेशंटकडूनच सगळं करवून घेणं, आणि घरी गेल्यावर किती प्यायला, किती बाहेर पडलं, याची नोंद त्यानेच ठेवायची. पाणी आटून परत दाखल होणारे आधी १५.५ टक्के होते, नंतर एकही नाही. गट लहान होता, हेही खरं, त्यामुळे शून्यावर भाळू नकोस. पण आपण वॉर्डात इनटेक-आउटपुट चार्ट ठेवतो आणि डिस्चार्ज झाला की तो फाइलला टाचून टाकतो. त्यांनी तो चार्ट घरी पाठवला. एवढाच फरक. आपल्याला हे करता येण्यासारखं आहे. मापाचा प्लास्टिकचा मग द्यायचा, भिंतीला कॅलेंडर असतंच, त्यावरच लिहायला सांगायचं. लिहिता येत नसेल तर मगागणिक एक रेघ. लघवी कमी आणि गडद होतेय, जीभ कोरडी पडतेय, पायात गोळे येताहेत, उभं राहिलं की अंधारी येतेय, यातलं काहीही झालं की वाट बघायची नाही. तू मोजायचं ते हे: तीस दिवसांत परत दाखल किती झाले, आणि त्यातले पाणी आटल्यामुळे किती. दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाले असतील तर तेही धर, नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावून घेतलेला पेशंट तुझ्या हिशेबात 'सुखरूप' राहील.

आता हे सगळं कळणार कसं? फोनवरून. दुसरा मार्ग नाही. मी तुला तीन फोन सुचवते. पहिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण घरची पहिली बॅग तेव्हा बदलली जाते. दुसरा दोन आठवड्यांनी, पाण्याची भानगड तोवर उघड होते. तिसरा सहा ते आठ आठवड्यांनी, कारण तोपर्यंत स्टोमाची सूज उतरून तो लहान झालेला असतो आणि पेशंट मात्र आपण दिलेल्या जुन्याच मापाने भोक कापत असतो. तिसरा फोन कुणी करत नाही, आणि कातडी सोलवटलेले पेशंट त्याच सुमाराला ओ.पी.डी.त येतात. हा निव्वळ योगायोग नाही.

फोनवर 'कसं आहे?' विचारू नकोस. 'तुमच्या कृपेने बरं आहे सिस्टर' असंच येईल, माणसं सभ्य असतात. नेमकं विचार. काल रात्री अंथरूण बदलावं लागलं का? बॅग शेवटची कुणी बदलली? कितव्या दिवशी? अंघोळ कशी करता? जेवण कमी केलंय का? या शेवटच्या प्रश्नाला खूप अर्थ आहे. पिशवी भरू नये म्हणून माणसं उपाशी राहतात, आणि आपल्याला वाटतं वजन आजारामुळे उतरलं. आणि मग थोराचा प्रश्न: गेल्या आठवड्यात घराबाहेर कुठे गेलात? दवाखाना सोडून. देवळात, शेतावर, शेजारी, बाजारात, कुठेही. उत्तर जसंच्या तसं लिही, त्याला गुण देऊ नकोस.

पाश्चात्त्य माप आपल्याकडे कसं उलटतं, याचं उदाहरण सांगू? बॅग किती दिवस टिकते हे तिकडे चांगल्या सेवेचं लक्षण मानतात, टिकली म्हणजे नीट बसली. आपल्याकडे पेशंट सांगतो, 'आठ दिवस टिकली हो!' आणि आपण खूश. खोलात जा. बॅगा महाग आहेत, गावात मिळत नाहीत, म्हणून तो कडा सुटल्या तरी चिकटपट्टी लावून रेटतोय. काही जण तर धुऊन, वाळवून परत वापरतात, काही फडकं बांधतात. तेव्हा दिवस विचारशील तर लगोलग 'खाली त्वचा कशी होती' आणि 'घरात शिल्लक किती आहेत' हेही विचारच. शिल्लक शून्य असेल तर ती तुझ्या सेवेचीच उणीव म्हणून लिही, जरी पैसा तुझ्या हातात नसला तरी. लिहिल्याशिवाय समाजसेवा विभागाकडे कुठल्या तोंडाने जाशील? मुंबईत ओस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, टाटा हॉस्पिटलचं स्टोमा क्लिनिक आहे, रेल्वेच्या पासात ओस्टोमीच्या पेशंटना सवलत असते. हे डिस्चार्जच्या वेळी पेशंटला सांगितलं का, हाही एक रकाना होऊ शकतो, मला तरी तो 'सिस्टर हसतमुख होत्या का' यापेक्षा कामाचा वाटतो.

हो, त्या समाधानाच्या फॉर्मबद्दल. डिस्चार्जच्या दिवशी भरून घेतलेला फॉर्म म्हणजे सुटकेचा आनंद. त्यावर पाचपैकी पाच मिळणारच. जगण्याचा दर्जा खरंच मोजायचा असेल तर त्यासाठी तयार केलेल्या प्रश्नावल्या आहेत. स्टोमा-क्यू.ओ.एल. ही वीस प्रश्नांची आहे, झोप, थकवा, पिशवीची धास्ती, माणसांत मिसळणं, जवळच्या माणसाशी असलेलं नातं असं सगळं त्यात येतं. ओस्टोमी ॲडजस्टमेंट इन्व्हेंटरी तेवीस प्रश्नांची. त्या चांगल्या आहेत, पण वॉर्डात बसून तू आणि मी त्यांचं मराठी करायचं नाही. परवानगी लागते, भाषांतर तपासून घ्यावं लागतं, नाहीतर 'जवळीक' विचारलेलं पेशंटला कळत नाही आणि कळलं तर सासूसमोर ती उत्तर देत नाही. जवळ कॉलेज असेल तर एम.एस्सी.च्या एखाद्या मुलीला हा विषय दे. तू रोजच्या कामात या चार-पाच गोष्टींवर राहा.

तुला वाटेल, ताईने सगळं काम फोनवर आणि नर्सवर टाकलं, डॉक्टर सुटले. तसं नाही. पण या क्षेत्रात वाट नर्सेसनी आणि पेशंटनीच काढली आहे, हे विसरू नकोस. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५८ मध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या बाईंना कामावर घेतलं. त्या नर्सही नव्हत्या, त्यांना स्वतःला इलिओस्टोमी होती. पेशंट म्हणून जे भोगलं त्याच्या जोरावर त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं, आणि १९६१ पासून तिथेच या कामाचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. तुझ्या समितीत एखादा जुना पेशंट घे. महिन्यातून एकदा चहाला बोलव. 'तक्त्यात काय राहिलं?' हे त्याला कळतं तितकं ऑडिटरला कळणार नाही.

टक्केवारीचं तेवढं सांभाळ. तुझ्या वॉर्डात महिन्याला नवे स्टोमा किती? पाच-सहा. त्यात एकाची त्वचा गेली की झाले वीस टक्के, पुढच्या महिन्यात कुणाची नाही गेली की शून्य, आणि वरचे साहेब विचारतात, 'या महिन्यात काय सुधारणा केलीत?' काहीच केलेली नसते, तो नुसता लहान आकड्यांचा खेळ असतो. म्हणून पाचपैकी एक असंच लिही. आलेखावर वर्षभराचे ठिपके एका ओळीत मांड, किंवा एका गळतीपासून दुसऱ्या गळतीपर्यंत किती पेशंट नीट घरी गेले ते मोज. कोलोस्टोमी, इलिओस्टोमी, युरोस्टोमी वेगवेगळे ठेव. आणि ज्यांना फोन लागलाच नाही त्यांची संख्या लपवू नकोस. बहुधा त्यांचीच हालत सगळ्यात वाईट असते.

आणि हे आधीच सांगून ठेवते: पहिल्या तिमाहीत तुझे आकडे वाईट येतील. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून सगळं छान होतं, आता विचारल्यावर दिसायला लागणार. शेजारच्या वॉर्डाची इन्चार्ज टिक मारून शंभर टक्के दाखवेल आणि तू मीटिंगमध्ये खाली मान घालून बसशील. तसं व्हायला नको असेल तर मोजायला लागायच्या आधीच मॅट्रन मॅडमना आणि एम.एस.ना भेट, त्यांना सांग की पहिले तीन महिने फक्त आहे ते लिहिणार, त्यावरून कुणाला मेमो नाही. जमलं तर लेखी घे. फोनसाठी वॉर्डातल्या लँडलाइनवरून बाहेरचा कॉल लागतो का, तेही ऑपरेटरला विचार, आणि ते काम ड्यूटी रोस्टरमध्ये घाल, आठवड्यातून दोन दुपारी, नावानिशी. स्वतःच्या मोबाइलवरून सुरू करू नकोस. केलंस तर रात्री दोनला पेशंट तुलाच फोन करतील, आणि तू बाळंतपणाच्या रजेवर गेलीस की फोन बंद पडतील.